एकशे सोळा खड्डे

सकाळचे सात वाजलेत. टेम्पो वजनकाट्याच्या रांगेत उभा आहे. पुढं दोन ट्रॅक्टर, त्यांच्या पुढं सळई भरलेला ट्रक. जालना–देऊळगाव राजा रस्त्यावरचा हा काटा मे महिन्यात रिकामा सापडत नाही. टेम्पोच्या हौद्यातून दोन-तीन हात पाइप मागं बाहेर आलेत. टोकाला लाल फडकं बांधलंय. पाइपांवर जस्ताचा मुलामा आहे. ऊन अजून कोवळं आहे, तरी त्यांच्याकडं फार वेळ बघवत नाही.

पाइपांच्या आडोशाला पोती आहेत. क्लॅम्पची, नट-बोल्टची, स्क्रूची. कडेला जाळीच्या गुंडाळ्या, हिरव्या आणि पांढऱ्या, काळ्या प्लास्टिकात बांधलेल्या. शेतकऱ्याचा मुलगा ड्रायव्हरशेजारी बसलाय. मांडीवर चार पानांची यादी. तो यादी उघडतो, बोटानं ओळी मोजतो, पुन्हा घडी घालतो. रांग काही पुढं सरकत नाही.

काटा ओलांडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी शेडनेट, पाइपांवर जाळी ताणलेली घरं, दिसायला लागतात. या पट्ट्यात, जालन्यापासून देऊळगाव राजा, सिंदखेड राजापर्यंत, ती गावोगाव आहेत. लांबून बघितलं तर काळ्या-तांबड्या रानात कुणी धुतलेली चादर वाळत घातली आहे असं वाटतं. इथं जाळीखाली पिकतं ते मंडईत जात नाही. मिरची, टोमॅटो, काकडीचं संकरित बी पिकतं. दहा गुंठ्यांत वर्ष निघावं, एवढीच या घरांची अपेक्षा असते.

शेतात पोचेपर्यंत साडेआठ होतात. रान नांगरून, ढेकळं फोडून, फळी मारून सपाट केलंय. बांधावर एक लिंब. त्याच्या सावलीत रांजण, रांजणावर ओलं पोतं, त्यावर उलटा ठेवलेला तांब्या. फिटिंगची सहा माणसं आधीच येऊन बसलीत. त्यांच्या मिस्त्रीच्या खिशात सुताचा गुंडा आहे आणि कानामागं पेन्सिल.

पाइप उतरायला लागतात. दोन्ही टोकांना एकेक माणूस. "धर... सोड!" पाइप पाइपावर पडतो आणि त्याचा आवाज शिवार ओलांडून पलीकडच्या वस्तीवर जाऊन परत येतो. शेताचे मालक आबा बांधावरून ओरडतात, "आपटू नका रे, मुलामा उडंल." आबांचं बरोबर आहे. जस्त जिथं उडतं तिथंच पहिल्या पावसात गंज बसतो.

मुलगा लिंबाच्या फांदीला कापूस तोलायचा काटा टांगतो. एक कॉलम उचलून दोरीत अडकवतो. सगळे बघतात. साठ मिलिमीटर व्यासाचा, दोन मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला पावणेतीन किलोच्या वर भरतो. कॉलम साडेतीन मीटरचा आहे, म्हणजे काटा दहाच्या आसपास थांबायला हवा. जाडी दीड मिलिमीटर असती, तर साडेसातावरच थांबला असता. वरून बघून दोन्ही सारखेच दिसतात. रंग तोच, चमक तीच. काटा हलतो, डुलतो, दहावर येऊन थांबतो. मुलगा आणखी दोन कॉलम असेच तोलतो. मग यादीवर पहिली खूण करतो. मिस्त्री काही बोलत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नाही. तोलून घेणारा मालक कामाच्या वेळीही जागेवर उभा राहतो, हे त्याला माहीत आहे.

यादीची तीन पानं सुखरूप पार पडतात. चौथ्या पानावर अडतं. क्लॅम्पची दोन पोती आलेलीच नाहीत. फोन लागतो. "मागच्या गाडीनं येतील." मागची गाडी कधी, ते पलीकडचा सांगत नाही. त्यांच्यावाचून खांबावर आडवा पाइप बसणार नाही. आज खांब नाहीत, आज खड्डे आहेत. तेवढाच धीर.

आखणी सुरू होते. हे घर २८ मीटर रुंद आणि ३६ मीटर लांब असणार आहे. १००८ चौरस मीटर, दहा गुंठ्यांपेक्षा पावणेचार चौरस मीटर कमी. मिस्त्री कोपऱ्यात खुंटी ठोकतो, सूत ताणतो. एका बाजूवर तीन मीटरला खूण, दुसऱ्या बाजूवर चारला. दोन खुणांमधलं अंतर पाच भरलं की कोपरा काटकोनात. गवंडी पिढ्यान् पिढ्या असंच करत आलेत. पण एवढ्या मोठ्या चौकटीत कोपऱ्यावरची चूक दुसऱ्या टोकाला हातभर होते. म्हणून शेवटी कर्ण मोजायचे, आडवेतिडवे, दोन्ही. टेप पुरत नाही, दोन टेप जोडावे लागतात. पहिला कर्ण ४५ मीटर ६१ सेंटिमीटर. दुसरा ४५ मीटर ७०.

"नऊ सेंटिमीटरनं काय होतंय?" टेप धरलेला पोरगा विचारतो.

"जाळी लावताना ये, मग सांगतो," मिस्त्री म्हणतो आणि खुंटी उपटतो. पुन्हा ठोकतो. पुन्हा मोजतो. "दोन सूत अजून." तिसऱ्या खेपेला दोन्ही कर्ण जुळतात. मग फक्की टाकत एक माणूस सुताच्या कडेकडेनं चालतो. दर चार मीटरवर पांढरी फुली. आडव्या आठ, उभ्या दहा. ऐंशी कॉलमचे ऐंशी खड्डे. शिवाय कडेनं तिरप्या बसणाऱ्या पाइपांचे. वाकलेले असतात म्हणून फिटर त्यांना हॉकी म्हणतात. त्यांचे ३६. एकूण ११६.

अकरा वाजलेत. ट्रॅक्टरला मागं डिगर जोडलाय, स्क्रूसारखं फिरणारं मोठं पातं. पातं पहिल्या फुलीवर टेकतं. वरची काळी माती लोण्यासारखी निघते. हातभर खाली गेलं की आवाज बदलतो, मुरूम लागतो. पातं फिरत राहतं, ट्रॅक्टर धूर सोडतो, पण खड्डा खोल जात नाही. ड्रायव्हर डिगर उचलतो आणि पुढच्या फुलीवर नेतो. अर्धवट खड्ड्यापाशी पहार घेतलेला माणूस बसतो. पहार पडते, ठिणगी उडते, मूठभर मुरूम सुटतो. तो पत्र्याच्या डब्यानं उपसायचा, पुन्हा पहार.

उन्हाचा रंग पांढरा झालाय. लिंबाची सावली बुंध्यापाशी गोळा होते. रांजणापाशी रांग लागते. एक तांब्या तिघांत जातो, उरलेलं डोक्यावरच्या टापरावर ओततात. जमिनीवर टाकलेल्या पाइपांना आता हात लावता येत नाही. पलीकडच्या रस्त्यानं एखादी मोटरसायकल जाते, तिची धूळ हलत नाही, तिथंच लोंबकळत राहते.

या घरची बाई, सगळे तिला काकू म्हणतात, खड्ड्यांच्या रांगेतून फिरते आहे. हातात बाभळीची काठी. काठीला कोयत्यानं एक खाच पाडलीय, अडीच फुटांवर. काकू खड्ड्यात काठी सोडते. खाच जमिनीबरोबर आली तर पुढं. वर राहिली तर काठी तशीच धरून उभी राहते, काही न बोलता. पहारवाला वर बघतो.

"झालं की काकू. खाली निस्ता मुरूम हाय. मुरमात काय हलत नाही."

"अडीच म्हंजे अडीच."

तो पुन्हा पहार उचलतो. ती हलत नाही.

मग ती मला बांधाच्या टोकाला नेते. "इकडं या ताई, हे बघा." बोरीच्या झुडपाखाली काँक्रीटचा एक गोळा पडलाय. त्यातून गंजलेल्या पाइपाचा तुकडा वर आलाय. गोळा उंचीला माझ्या दीड वितीएवढा. दिराच्या शेडनेटचा आहे. असाच मे होता, संध्याकाळी वावधन सुटलं आणि पश्चिमेची अख्खी बाजू उचलली गेली. पाइप वाकले नाहीत, तुटले नाहीत. खड्ड्यातून मुळ्यासारखे उपटून निघाले. आत फळं धरलेली मिरची होती. काकू वाकून गोळ्यावर हात ठेवते. "तवा खड्डे मोजायला कुणी नव्हतं. सगळे लग्नाला गेलते."

मी गोळा हलवून बघते. जड आहे, पण दोन हातांनी उचलतो.

घराचा पाया घराचं ओझं पेलतो. शेडनेटचा पाया उलटं काम करतो. वरचं घर हलकं आहे, त्याला दाबून धरायचं असतं. दहा गुंठ्यांचं कापड वर ताणलं की ते शीड होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सगळा जोर वर खेचणारा. त्या वेळी दहा किलोचा कॉलम उपयोगी पडत नाही, खालचं काँक्रीट आणि त्याला धरून बसलेला मुरूम उपयोगी पडतो. म्हणजे ज्याच्यावर सगळं टिकायचं तेच मातीआड जातं. काम झाल्यावर अनुदानासाठी तपासायला येणाऱ्यालाही ते दिसत नाही. तो लांबी-रुंदी मोजतो, फोटो काढतो, जातो. मला या सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात जास्त छळते.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट. एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी. खड्डा फूटभर रुंद, अडीच फूट खोल. अशा ११६ खड्ड्यांना चाळीसेक गोण्या सिमेंट लागतं. फाउंडेशन पाइप कॉलमच्या पोटात बसेल असा अंगानं बारीक आहे. खालच्या टोकाला आडवी सळई. काँक्रीटनं त्याला गच्च धरावं म्हणून. एक माणूस पाइप खड्ड्यात धरतो, दुसरा ओळंबा लावतो, तिसरा घमेलं ओततो. घमेल्यांची रांग मिक्सरपासून खड्ड्यापर्यंत हातोहात चालते. लगेच सळईनं ठोसायचं, आत हवा राहू नये. पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात. नळीतलं पाणी दोन्हीकडं जिथं थांबेल तिथं पाइपावर खूण. रानाला चार बोटं उतार आहे. डोळ्याला तो दिसतही नव्हता.

मग थांबायचं. सात दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ ११६ ठिकाणी पाणी घालायचं, आणि विहिरीनं तळ गाठलाय. काकू आणि तिची सून डोक्यावरून पाणी आणतात. प्रत्येक काँक्रीटवर पोत्याचा ओला तुकडा ठेवलाय. वरून बघितलं तर रानात पोत्यांची झाडं उगवल्यासारखी दिसतात. या सात दिवसांत फिटर दुसऱ्या गावी जातात. क्लॅम्पची पोतीही याच दिवसांत येतात, पाचव्या दिवशी, एसटीच्या टपावरून.

आठव्या दिवशी रान घर व्हायला लागतं. कॉलम फाउंडेशन पाइपावर चढतो, भोकं जुळतात, बोल्ट आत जातो, पाना फिरतो. सकाळच्या गार हवेत पाइप हातात धरवतो तोवर चाळीस उभे. वर शिडीवरचा पोरगा क्लॅम्प लावतो आणि खालून मिस्त्री डोळा मिचकावून रांग बघतो. दहा खांब एकामागं एक असे लपले पाहिजेत की एकच खांब दिसावा. "तिसरा बाहेर आलाय. ठोक." लाकडी हातोड्याचा बद्द आवाज. "बास." मग आडवे पाइप, मग खांबाखांबांवरून ताणलेली तार. तार पिळायच्या हुकाला, टर्नबकलला, पोरगा सळई घालून फिरवतो. तार सैल असते तोवर गप्प असते. ताण बसला की बोटानं छेडल्यावर एकतारीसारखी वाजते. पोरगा प्रत्येक तार छेडून बघतो. आवाज कानाला पटला की पुढची.

हिशेबाची वही लिंबाखाली उघडी आहे. केंद्राच्या २०१४ च्या मापदंडात अशा पाइपच्या शेडनेटला चौरस मीटरला ७१० रुपये खर्च धरला होता आणि त्याच्या निम्मं अनुदान. त्या भावानं हे घर सव्वासात लाखांच्या आत बसलं असतं. पोलादाचा भाव त्या सालात थांबलेला नाही. आणि अनुदान येतं ते सगळं उभं राहिल्यावर, तपासणी झाल्यावर. तोवर पैसा घरचा किंवा कर्जाचा. आबा वही बंद करून तिच्यावर दगड ठेवतात. वारा सुटलाय.

वारा सुटलाय म्हणूनच आज जाळी चढणार नाही. आज ती शिवायची. अंगणात ताडपत्री अंथरून गुंडाळ्या सोडल्यात. पट्टीला पट्टी जोडायची, काठावर काठ दुमडून. पोत्यांची तोंडं शिवायचं हातमशीन आहे, इथं बियाण्याच्या गावात ते सहज मिळतं. सून मशीन धरते, दोन बायका पुढं काठ सरळ करत सरकतात. मशीन खर्रर्र करत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. मध्येच दोरा तुटतो. थांबायचं, गाठ मारायची नाही, वीतभर मागं जाऊन पुन्हा शिवायचं. छपराची जाळी ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन गाळणारी. बाजूंना कीड रोखणारी पांढरी, ४० मेशची. इंचात चाळीस भोकं. मी ती डोळ्याशी धरते. पलीकडचा लिंब धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो.

"यातून फुलकिडा तरी येतोच," काकू म्हणते. "पर मधमाशी येत नाही. आमाला तेच पायजे."

मधमाशी नको, हे शेतकरी बाईच्या तोंडून ऐकताना कसंतरी होतं. पण तिचं काम बघितलं की कळतं. संध्याकाळी उमलायच्या बेतातली कळी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचे पराग तिला लावायचे, देठाला दोरा बांधायचा. याला इथं क्रॉसिंग म्हणतात. एकेक कळी, एकेक दोरा, दिवसाला शेकड्यांनी. परक्या झाडाचे पराग एका मधमाशीनं आणून टाकले तर तेवढं बी भेसळीचं. काकूच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिमट्याचे घट्टे आहेत. ती ते दाखवत नाही. मशीनखालचा काठ सरळ करताना मला दिसतात.

पहाटे साडेचार. चांदणं आहे. वारा पडलाय. झाडाचं पान हलत नाही, आणि याच दोन-अडीच तासांची वाट कालपासून सगळे बघत होते. शिवलेली जाळी दुमडून एका कडेला आडवी ठेवलीय. तिला दर चार मीटरवर दोऱ्या. दोऱ्या वरून पलीकडं टाकल्यात. पलीकडं शेजारपाजारची माणसं येऊन उभी आहेत, न बोलावता. मिस्त्री हळू आवाजात सांगतो, "सगळ्यांनी संगं. कुणी झटका मारायचा नाही." दोऱ्या ताणतात. जाळी तारांवरून घासत, सळसळत पुढं सरकायला लागते. आभाळ एका कडेनं झाकत येतं. मध्येच अडकते. शिडीवरचा पोरगा तारेवरून आडवा होऊन हातानं सोडवतो. "चालू द्या."

पलीकडची कड हाताला लागते तेव्हा पूर्व उजळलेली आहे. आता घाई. काठाकाठानं पाइपावर पन्हळीसारखी पट्टी स्क्रूनं बसवलीय. तिच्यात जाळी दाबायची आणि वरून नागमोडी स्प्रिंग बसवत जायची. अंगठ्यानं दाब, पुढं सरक, पुन्हा दाब. खट्, खट्, खट्. चारही कडांनी एकाच वेळी. इथं ते नऊ सेंटिमीटर आठवतात. कर्ण जुळला नसता तर जाळी एका कोपऱ्यात सुरकुतली असती आणि समोरच्या कोपऱ्यात पुरलीच नसती. ती सरळ बसते. टेप धरणारा पोरगा मिस्त्रीकडं बघतो. मिस्त्री स्प्रिंग दाबत राहतो.

साडेसातला पहिली झुळूक येते. जाळी एकदा पोट फुगवते आणि खाली बसते. तारा गुणगुणतात. सगळे थांबून वर बघतात. मग पुन्हा खट्, खट्.

दुपारी मी आत जाऊन उभी राहते. आत गार नाही. हवा बाहेरच्याइतकीच तापलेली आहे. पण डोक्यावरचं ऊन निम्मं झालंय, मान भाजत नाही, डोळे उघडे ठेवता येतात. उजेड हिरवट, पाण्याखालच्यासारखा. दाराला दुसरं दार आहे. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे काकू लहान नातीला दोनदा करून दाखवते. खाली अजून उघडी माती. गादीवाफे व्हायचेत, ठिबकच्या नळ्या पडायच्यात, रोपं यायचीत. जाळी तीन ते पाच वर्षांत उन्हानं कुजेल, बदलावी लागेल. पाइप त्याच्या कितीतरी पुढं जातील.

काकू कडेनं चालते आहे. प्रत्येक खांबाशी थांबते, पायानं बुडाची माती दाबते, पुढं जाते. खाली किती काँक्रीट आहे ते तिला ११६ ठिकाणी माहीत आहे.

तुमच्याकडं अशी गाडी येणार असेल, तर जाळीचा रंग नंतर बघा. काँक्रीट पडायच्या आधी काठीला खाच पाडा आणि प्रत्येक खड्ड्यात स्वतः सोडून बघा. त्या दिवशी गावात लग्न असलं तरी एकानं शेतात थांबा. खड्डा एकदा भरला की पुन्हा मोजता येत नाही.